देवदास : शरद्बाबूंनी मोकळ्या सोडलेल्या जागा कोणी कशाने भरल्या?

गोदाकाठ

‘देवदास’वरील चित्रपटांची तुलना निघाली की सैगल थोर की दिलीपकुमार, आणि शाहरुख खान त्या पंक्तीत बसतो की नाही, या वादातच ती संपते. नटांचा हिशेब या धाग्यावर जरा बाजूला ठेवू या आणि कादंबरी शेजारी उघडी ठेवून बोलू या, अशी विनंती आहे. सार्वजनिक वाचनालयातून आणून ती नुकतीच पुन्हा वाचली आणि पाठोपाठ बिमल रॉय (१९५५) व संजय लीला भन्साळी (२००२) यांचे चित्रपट पाहिले.

शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांनी ही कादंबरी ऐन पंचविशीच्या आसपास लिहिली. पुस्तकरूपाने ती आली १९१७ साली. मधली वर्षे ती पडून राहिली, कारण ती छापण्याबद्दल खुद्द लेखकाच्याच मनात संकोच होता. वाचताना तो संकोच समजतो. पुस्तक लहान आहे आणि पुष्कळ ठिकाणी घाईचे आहे. देवदासाची कलकत्त्यातील वर्षे मोजक्या पानांत उरकतात, त्याची बालमैत्रीण पारो हिचा सासरी, हातीपोता गावातील संसार थोड्या वाक्यांत उभा राहतो, आणि जिच्यासाठी पडद्यावर एवढी नृत्ये बसवली गेली त्या चंद्रमुखी या गणिकेच्या नाचगाण्यात लेखकाला जवळजवळ रसच नाही. देवदासाने तिच्याबद्दल दाखवलेली किळस आणि त्या किळसेमुळेच तिच्यात झालेला पालट एवढेच त्याला सांगायचे आहे.

माझे म्हणणे असे की, पुस्तकातील या मोकळ्या जागांमुळेच ‘देवदास’ पुन्हा पुन्हा पडद्यावर येतो. भरगच्च कादंबरीचा चित्रपट करताना काय गाळायचे, हा प्रश्न असतो. येथे काय घालायचे, हा आहे. म्हणून एखादा ‘देवदास’ मूळ पुस्तकाशी किती प्रामाणिक आहे हे विचारण्यापेक्षा त्याने कोणती जागा भरली आणि कशाने भरली, हे विचारावे.

एकच उदाहरण देतो. कादंबरीत पारो आणि चंद्रमुखी एकमेकींना कधीच भेटत नाहीत. मात्र देवदासाची दशा कानावर आल्यावर पारो माहेरी तालसोनापूरला येते, आणि पुढे त्याचा ठावठिकाणा विचारत चंद्रमुखीही तेथेच येऊन जाते. दोघींच्याही फेऱ्या पुस्तकातच आहेत, फक्त त्या एका वेळी घडत नाहीत. बिमल रॉय यांनी एवढेच केले की त्या दोन फेऱ्या एका रस्त्यावर आणल्या. एक पालखीतून चालली आहे, दुसरी पायी. क्षणभर नजरानजर होते, ओळख पटण्याचे काही कारणच नाही, आणि दोघी आपापल्या वाटेने निघून जातात. संवाद एकही नाही. सगळा भार पार्श्वसंगीतावर आणि दोन चेहऱ्यांवर आहे.

भन्साळींनी तीच जागा दुर्गापूजेने भरली. पारो स्वतः कोठ्यावर जाते, देवीच्या मूर्तीसाठी तिथल्या अंगणातील माती मागते, चंद्रमुखीला हवेलीत बोलावते, आणि मग ‘डोला रे डोला’ होते. गाणे देखणे आहे, यात वाद नाही. पण जमीनदाराची सून नव्हे, खुद्द घरची मालकीण सर्वांसमक्ष कोठीवालीबरोबर फेर धरते, हे ज्या समाजात घडू शकते तेथे देवदास आणि पारोचे लग्न मोडलेच कशाला असते, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

सातपूरकर

गोदाकाठ, मांडणी आवडली, परंतु भन्साळींच्या बाबतीत आपण पुढचा प्रसंग सोडून दिला, हे न्यायाला धरून नाही. ते नृत्य संपताच पारोच्या सासरच्या चौधरी घराण्याचा जावई कालीबाबू, म्हणजे आपले मिलिंद गुणाजी, भर मंडपात चंद्रमुखीची ओळख उघडी करतो, आणि ती त्याला त्याच्याच कोठ्यावरच्या फेऱ्यांची आठवण करून देते. समाज तेवढा मोकळा नाही, हे दिग्दर्शकाला चांगलेच ठाऊक आहे. म्हणून तर तो दोघींना चार मिनिटांची मोकळीक देतो आणि लगेच तिची किंमत वसूल करतो. त्या मोकळिकीपायीच पारोवर हवेलीचे दार बंद होते, आणि शेवटी फाटक बंद होते त्याची तयारी तिथपासूनच सुरू झालेली असते.

दुसरे असे की लग्न मोडण्याचे कारण या चित्रपटाने जितके ठळक केले, तितके इतर कोणी केलेले नाही. पुस्तकात देवदासाच्या घरचा आक्षेप कोरडा आहे: पारोचे घराणे मुली देताना पैसे घेणारे, शिवाय शेजारचे. एवढ्यावर नकार होतो आणि पारोचे वडील नीलकंठ बाहेर जाऊन हातीपोत्याच्या भुवन चौधरींचे स्थळ ठरवून येतात. भन्साळींनी तो सगळा व्यवहार दोन आयांच्या हाती दिला. पारोची आई सुमित्रा, म्हणजे किरण खेर, भर समारंभात आनंदाने नाचते आणि त्याच समारंभात तिचा पाणउतारा होतो. अपमान गिळून ती तिथल्या तिथे शपथ घेते की मुलगी याहून मोठ्या घरात देईन. पुस्तकातील एका ओळीच्या कारणाला येथे माणसाचे तोंड आले. आपल्याच कसोटीने पाहिले तर ही जागा उत्तम भरली गेली आहे.

गोदाकाठ

कालीबाबूचा प्रसंग मी गाळला, हे खरे. आणि सुमित्रेबद्दलचे आपले म्हणणे मला मान्य आहे. किरण खेर यांचा तो प्रसंग संपूर्ण चित्रपटात मला सर्वांत अस्सल वाटतो, कारण त्यात झुंबरे विझल्यासारखी होतात आणि चेहरा उरतो.

तरीही भन्साळींच्या भरण्याच्या पद्धतीबद्दल एक तक्रार राहतेच. लग्नाआधीचा घाटावरचा प्रसंग घ्या. पुस्तकात पारो घागर घेऊन पाण्याला आली आहे आणि देवदासाच्या हाती मासे धरण्याचा गळ आहे. तिच्या बोलण्यातील ताठा त्याला सोसवत नाही. चंद्र इतका सुंदर म्हणूनच त्याच्यावर डाग आहे, अशा अर्थाचे काहीतरी बोलून तो तीच गळाची काठी तिच्या कपाळावर मारतो, आणि लगेच स्वतःच जखम बांधायला धावतो. पोरवयात ज्या हाताने तो तिला मारत असे त्याच हाताने, तसल्याच हाताशी आलेल्या वस्तूने, हे घडते. त्यात योजना नाही, सवय आहे. भन्साळींच्या देवदासाच्या हातात गळाऐवजी दागिन्यातला हार आहे. जखम तीच, ठिकाण तेच, पण वस्तू बदलली की माणूस बदलतो. गळ टाकून बसलेला रिकामटेकडा जमीनदारपुत्र जातो आणि विलायतेहून परतलेला नायक उरतो. (पुस्तकातला देवदास कलकत्त्यापलीकडे शिकायला गेलेलाच नाही, हे येथे नोंदवून ठेवतो.)

जुन्या_गंगापूर_नाक्यावरून

आपण दोघांनी चर्चा १९५५पासून सुरू केली. माझ्या पिढीला ती थोडी मागे न्यावीशी वाटणारच. १९२८ साली नरेश मित्र यांनी ‘देवदास’वर मूकपट केला होता. त्यानंतर न्यू थिएटर्स या चित्रसंस्थेचा, प्रमथेश बरुआ यांचा बंगाली ‘देवदास’ १९३५ साली आला, त्यात नायकाची भूमिका त्यांनी स्वतःच केली, आणि पाठोपाठ सैगल यांना घेऊन त्यांनीच हिंदी चित्रपट केला. बंगाली चित्रपटाची प्रत आज अपुरीच उरली आहे. जमुना दोन्हींत पारो होत्या. ‘बालम आये बसो मोरे मन में’ आणि ‘दुख के अब दिन बीतत नाही’ ही गाणी हिंदी चित्रपटातील. आमच्या घरी रेडिओवर ती लागली की वडील बोलणे थांबवत असत.

गोदाकाठ यांच्या मुद्द्याला धरून बोलायचे तर बरुआंनी भरलेली जागा दोन गावांमधील अंतराची आहे. देवदास आगगाडीत तळमळून हाक मारतो आणि त्याच क्षणी दूर हातीपोत्यात पारो अडखळून पडते. दोन ठिकाणची दृश्ये एकामागोमाग एक जोडून मनाची जोडणी दाखवायची, हे बोलपट नुकताच बोलू लागला होता तेव्हाच्या काळात केलेले काम आहे. पुस्तकात असे काही नाही, आणि असण्याचे कारणही नाही, कारण ही करामत केवळ संकलनालाच साधते. अभिनयातही बरुआंनी नाटकी हातवारे आणि चढा आवाज टाळला. आज ज्याला आपण दिलीपकुमारी पुटपुटणे म्हणतो, त्याची वाट तिथून निघते.

एक दुवा सर्वांना ठाऊक असेलच, तरी सांगतो. सैगल यांच्या ‘देवदास’चे छायालेखन बिमल रॉय यांनी केले होते. वीस वर्षांनी त्यांनी स्वतःचा ‘देवदास’ केला तेव्हा तो बरुआ आणि सैगल यांच्या स्मृतीला अर्पण केला. म्हणजे १९५५चा चित्रपट पुस्तकावर जितका आहे, तितकाच एका आधीच्या चित्रपटावरही आहे. गोदाकाठ यांची ‘पुस्तक विरुद्ध पडदा’ ही मांडणी येथे थोडी अपुरी पडते, असे मला नम्रपणे वाटते.

देवळाली_कॅम्प

आधीच्या प्रतिसादाला जोडून: १९५५च्या चित्रपटाची पटकथा नबेन्दु घोष यांची, संवाद राजिंदरसिंह बेदी यांचे, संकलन हृषिकेश मुखर्जी यांचे, संगीत सचिनदेव बर्मन यांचे आणि गीते साहिर यांची. एवढी माणसे एका खोलीत असताना चित्रपट मितभाषी राहिला, याचेच मला जास्त आश्चर्य वाटते. तलत महमूद यांच्या आवाजातील ‘मितवा लागी रे’ सोडले तर नायकाच्या दुःखाला गाण्याचा आधार जवळजवळ घेतलेला नाही. गाणी बहुतांशी चंद्रमुखीची किंवा वाटेवरच्या वैष्णव गायकांची आहेत.

चंद्रमुखीवरून आठवले. वैजयंतीमाला यांना या भूमिकेसाठी सहायक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार जाहीर झाला आणि त्यांनी तो नाकारला, कारण आपली भूमिका सुचित्रा सेन यांच्या तोडीची आहे, असे त्यांचे म्हणणे होते. कादंबरी वाचल्यावर ते म्हणणे पटते. कोठा सोडून नदीकाठच्या एका खेड्यात मातीच्या घरात राहायला गेलेली आणि तेथून पायपीट करत देवदासाला शोधायला निघणारी चंद्रमुखी, ही पुस्तकातील एकमेव व्यक्ती आहे जी खरोखर बदलते. पारो पहिल्या पानापासून शेवटपर्यंत मानी आहे, देवदास पहिल्या पानापासून शेवटपर्यंत कच खाणारा आहे. माधुरी दीक्षित यांच्या चंद्रमुखीला २००२ साली झगमगाट मिळाला, बिरजू महाराजांनी बसवलेले ‘काहे छेड मोहे’ मिळाले, पण ती मातीची झोपडी मात्र मिळाली नाही.

नाशिकरोड_फलाट_एक

शेवटच्या प्रवासाबद्दल कोणीच लिहिलेले नाही, म्हणून लिहितो. घरात रेल्वेची नोकरी असल्यामुळे माझे लक्ष पहिल्यांदा तिकडेच जाते.

गोदाकाठ म्हणतात तसे पुस्तक घाईचे आहे, पण शेवटच्या प्रकरणाला ते लागू होत नाही. तेथे लेखक एकदम सावकाश होतो. मुंबईच्या रुग्णालयातून देवदास धर्मदास या जुन्या नोकराच्या खांद्यावर भार टाकून बाहेर पडतो. धर्मदास म्हणतो, आईकडे जाऊ. हे तोंड आईला कसे दाखवायचे, या विचाराने तो कासावीस होतो. गाडीत ताप चढतो आणि पहाटे पांडुआ स्थानकावर, झोपलेल्या धर्मदासाला मागे ठेवून, तो एकटाच उतरतो. पुढे बैलगाडी, पाऊस, चिखल आणि ‘अजून किती लांब’ हा गाडीवानाला पुन्हा पुन्हा विचारलेला प्रश्न. मुंबईहून बंगालकडे, तीही वाटेत काशीची गोष्ट निघावी अशी गाडी, म्हणजे ती कसारा घाट चढून इगतपुरी, नाशिकरोड, मनमाड याच मार्गाने गेली असणार. लेखकाने वाटेतील स्थानकांची नावे दिलेली नाहीत. पण नकाशा दुसरा मार्ग फारसा सुचवत नाही. देवदास आपल्या गावावरून तापात बेशुद्ध असा गेला, ही कल्पना मला उगाचच आवडते.

चित्रपटांनी या भागात काय केले? बिमल रॉय यांनी रेल्वेलाच देवदासाचे घर केले; तो देशभर निरुद्देश फिरत राहतो आणि एका प्रवासाऐवजी सगळे आयुष्यच डब्यात गेल्यासारखे वाटते. हे पुस्तकापेक्षाही पुढचे पाऊल आहे. भन्साळींनी गाडीत देवदासाचा मित्र चुनीलाल आणला. चुनीलाल पुस्तकातही शेवटाकडे पुन्हा भेटतो, पण तो लाहोरला, आणि तेथे देवदास पुन्हा पिऊ लागतो. ते लाहोर उचलून रेल्वेच्या डब्यात ठेवल्यामुळे कथा आटोपशीर झाली, मात्र मरणाला मित्राचा प्याला कारण ठरला. पुस्तकात एक कारण असे नाहीच. शरीर हळूहळू खचत जाते.

सातपूरकर

फलाट एक, उत्तम प्रतिसाद. आता शेवटच्या फाटकाकडे वळू या, कारण सर्वांत मोठा फेरफार तेथेच आहे, आणि त्यात बिमल रॉय आणि भन्साळी दोघेही एकाच बाजूला आहेत.

पुस्तकात देवदास रात्री हातीपोत्याला पोचतो आणि जमीनदाराच्या घरासमोर पिंपळाखाली पडून राहतो. माणसे जमतात, वैद्य येतो, तो मरतो. कोण, कुठला, हे त्याच्याजवळच्या पत्रांवरून कळते. अनोळखी प्रेताला हात कोण लावणार, म्हणून चांडाळांकडून ते नेववतात आणि अर्धवट जाळून टाकतात. पारोला नाव कळते ते यानंतर, सावत्र मुलगा महेंद्र याच्या तोंडून. ती धावत सुटते तेव्हा ज्याच्यासाठी धावायचे तो उरलेलाच नसतो. नवरा तिला अडवायला सांगतो, दासदासी धरतात, ती बेशुद्ध पडते.

दोन्ही चित्रपटांत ती धावते आणि तिच्यासमोर फाटक बंद होते. भन्साळींच्या चित्रपटात तर देवदास अजून जिवंत असतो आणि धूसर नजरेने तिला येताना पाहतो. पडद्यावर हे परिणामकारक आहे, मी स्वतः चित्रपटगृहात रडलो आहे. पण फाटक वेळेवर उघडले असते तर भेट झाली असती, असा एक दिलासा त्यात लपलेला आहे. पुस्तक तो दिलासा देत नाही. भन्साळींची बाजू मी आतापर्यंत घेत आलो. येथे मात्र मला पुस्तक अधिक कठोर आणि अधिक खरे वाटते.

कॉलेजरोड_२३

मी या धाग्यावरील बहुधा सर्वांत लहान सभासद असेन, त्यामुळे ‘देव डी’चे (२००९) नाव अजून निघालेले नाही, याचे नवल वाटले. अनुराग कश्यप यांनी जागा भरण्याऐवजी एक जागा नव्याने तयार केली: देवदास मेलाच पाहिजे का? अभय देओलचा देव शेवटी मरत नाही, चंदाबरोबर निघून जातो. त्याला पारोबद्दल वाटणारा संशय, तिने पुढाकार घेतला की त्याचे बिथरणे, हे मूळ कादंबरीतीलच आहे. पुस्तकातली पारो तेराव्या वर्षात असताना रात्री एकटी त्याच्या खोलीत येते, आणि त्याला पहिली काळजी पडते ती लोक काय म्हणतील याची. माही गिलची पारो सायकलवर गादी लादून शेतात जाते, तो याच धैर्याचा आजचा अवतार आहे, आणि देव तितकाच भेकड ठरतो. मला तर १९५५ आणि २००२ या दोन्ही चित्रपटांत हा भेकडपणा नटाच्या देखणेपणाखाली झाकला गेल्यासारखा वाटतो.

शिवाय कल्की केक्लां हिची मुलगी ‘चंदा’ हे नाव घेते ते भन्साळींचा ‘देवदास’ पाहून. जुन्या चित्रपटाला नव्या चित्रपटाने कथेतच जागा दिली. अमित त्रिवेदी यांना या संगीतासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, हेही नोंदवतो.

जुन्या_गंगापूर_नाक्यावरून

कॉलेजरोड, आपला चित्रपट मी नातीच्या आग्रहाने पाहिला आणि अर्ध्यावर उठण्याच्या तयारीनेच बसलो होतो, उठलो नाही. सगळे पटले असे म्हणणार नाही. पण देवदासाच्या भेकडपणाबद्दलचे आपले म्हणणे बिनतोड आहे. त्या रात्रीनंतर तो कलकत्त्याला पळून जातो आणि तेथून पारोला पत्र लिहितो की मी तुझ्याबद्दल तसा कधी विचार केलाच नव्हता. पत्र पेटीत पडल्याबरोबर त्याला पश्चात्ताप होतो. सैगल यांच्या आवाजाने आम्ही त्याला तेव्हाच माफ करून टाकले, हेही कबूल केले पाहिजे.

दक्षिणेकडचाही उल्लेख येथे हवा. वेदांतम् राघवय्या यांचा ‘देवदासु’ १९५३ साली, म्हणजे बिमल रॉय यांच्या आधी आला. त्यात अक्किनेनी नागेश्वर राव आणि सावित्री होते, आणि घंटसाला यांनी गायिलेले ‘जगमे माया’ आंध्रात आजही घरोघरी ठाऊक आहे.

गोदाकाठ

जुना नाका यांचा पुस्तक-पडद्याबद्दलचा आक्षेप मी मान्य करतो, आणि त्यात भर घालतो. ज्या वर्षी ‘देवदास’ पुस्तकरूपाने आली, त्याच १९१७ साली आपल्या नाशकात दादासाहेब फाळके ‘लंकादहन’ करत होते. कादंबरी आणि भारतीय चित्रपट जवळजवळ एकाच वयाचे आहेत. दोघे एकमेकांकडे पाहतच वाढले, तर त्यात नवल नाही.

फाटकाबद्दल मी सातपूरकरांशी सहमत आहे. मात्र फलाट एक यांच्या प्रतिसादात धर्मदासाचे नाव आले, त्यावर थोडे लिहायचे राहून जाऊ नये. चित्रपटांनी भरायला हवी होती पण कोणीच नीट भरली नाही अशी जागा मला विचाराल तर ती धर्मदासाची. रॉय यांच्याकडे नझीर हुसेन आणि भन्साळींकडे टिकू तलसानिया हे दोघेही जाणते नट. त्यांच्या वाट्याला चिंतातुर चेहऱ्यापलीकडे फारसे काही आले नाही. देवदासाला लहानपणापासून सांभाळणारा, त्याचे पिणे, उलट्या, ताप सगळे निस्तरणारा आणि अखेर थकून गाडीत झोपी गेलेला हा म्हातारा पांडुआच्या पुढे कोठेतरी जागा झाला असेल, समोरचे बाक त्याला रिकामे दिसले असेल. शरद्बाबू त्याला तेथेच सोडून देवदासाबरोबर उतरतात, आणि आजवरचे दिग्दर्शकही त्यांच्या मागोमाग उतरले. एखाद्याने डब्यातच थांबून त्याच्याबरोबर पुढे जायला हवे होते.

नाशिकरोड_फलाट_एक

पांडुआनंतर वर्धमानकडून हावड्याला जाणारी गाडी मधली किरकोळ स्थानके घेत नसेल, तर त्याला उतरून मागे यायलाही हावडाच गाठावे लागले असेल, आणि तिथून उलट गाडीने येऊन हातीपोत्याची बैलगाडी धरेपर्यंत पिंपळाखालचे सगळे आटोपलेले असेल. गोदाकाठ, आपली ही पटकथा कोणी लिहायला घेतली तर वेळापत्रक जमवून द्यायला मी तयार आहे.